कमी दिवसांच्या बाळाला बाटलीनं दूध पिताना ठसका लागतो? बाळ हट्टी नाही, कारण समजून घ्या

नागपूर : बाळ दीड-पावणेदोन किलोचं. वीस दिवस नागपूरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. सुट्टी झाली, घरच्यांनी गावी आणलं. येता येता औषधाच्या दुकानातून दुधाची बाटली घेतली. आता रात्रीचे दोन वाजलेत. बाळ चार घोट ओढतं, ठसका लागतो, ओठ निळसर पडतात आणि मग गळून झोपी जातं. अर्धा तास झाला तरी बाटलीतलं दूध तेवढंच. आजी म्हणते, "निपलचं भोक मोठं करा." शेजारीण म्हणते, "हट्टी आहे, उपाशी ठेवा, आपोआप पिईल."

रामटेक-पारशिवनीपासून उमरेड-भिवापूरपर्यंत बऱ्याच घरांनी अशी रात्र काढलेली असते. पण हे दोन्ही सल्ले बाळाच्या जिवावर बेतू शकतात. बाळ हट्ट करत नाही की आळसही करत नाही. चोखायचं, गिळायचं आणि श्वास घ्यायचा, या तीन कामांचा मेळ त्याला अजून जमत नाही. तो मेळ बसेपर्यंत काय करायचं, ते आज सोप्या शब्दांत पाहू.

कमी दिवसांचं बाळ म्हणजे किती दिवसांचं?

गरोदरपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ म्हणजे मुदतपूर्व बाळ. ही काही क्वचित घडणारी गोष्ट नाही. जगभरात २०२० साली अंदाजे १ कोटी ३४ लाख बाळं अशी मुदतीआधी जन्मली. त्यातली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतातली. त्यामुळे आईनं "माझंच काही चुकलं" म्हणून स्वतःला दोष देत बसू नये.

आपल्याकडं एक जुना समज आहे, सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. हे खरं नाही. बाळ पोटात जितके जास्त आठवडे राहील तितकं ते तयार होतं. म्हणजे आठव्या महिन्यातल्या बाळाची ताकद सातव्यातल्यापेक्षा जास्तच असते.

तीन कामं, एकच रस्ता

तोंडातून पोटात जाणारी अन्ननलिका आणि छातीत जाणारी श्वासनलिका घशात अगदी शेजारी असतात. दूध गिळताना श्वास क्षणभर थांबवावा लागतो, नाहीतर दूध श्वासाच्या वाटेला जातं. पूर्ण दिवसांचं बाळ हे जन्मतःच करतं. चोखलं, गिळलं, श्वास घेतला, पुन्हा चोखलं.

कमी दिवसांच्या बाळाला चोखता येतं, गिळताही येतं, पण तिन्हींचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसायला लागतो. तो पक्का व्हायला आणखी काही आठवडे लागतात. इथं आठवडे मोजायचे ते आईच्या शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासूनचे. म्हणजे ३० व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ एक महिन्याचं झालं, तरी या हिशेबानं ते अजून ३४ आठवड्यांचंच.

म्हणूनच दवाखान्यात दूध पाजण्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. साधारण ३२ आठवड्यांच्या आतल्या बाळाला नळीनं थेट पोटात दूध देतात. ३२ ते ३४ आठवड्यांत वाटी-चमच्यानं. ३४ च्या पुढं हळूहळू अंगावर. प्रत्येक बाळ थोडं मागं-पुढं असतं, त्यामुळे कोणती पायरी कधी, हे डॉक्टर बाळाकडं पाहून ठरवतात. या पायऱ्यांमध्ये बाटली कुठंच नाही, हे लक्षात घ्या.

मग बाटलीचीच अडचण का?

बाटली उलटी केली की दूध आपोआप गळतं. बाळानं चोखलं नाही तरी तोंडात येत राहतं. आईच्या अंगावर तसं होत नाही, बाळ थांबलं की दूधही बहुतेक वेळा मंदावतं. वाटी-चमच्यातही बाळ आपल्या बेतानं घेतं. बाटलीत मात्र बाळाला श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. मग एकतर ठसका लागतो, नाहीतर बाळ श्वास रोखून धरतं आणि निळं पडतं. दूध छातीत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

दुसरी अडचण स्वच्छतेची. बाटलीचा तळ, मान, निपल यांत दुधाचा थर राहतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो लगेच आंबतो. त्यातून जुलाब लागले तर दीड किलोच्या बाळाला ते झेपत नाहीत. वाटी-चमचा सगळीकडून घासता येतो, उकळता येतो.

तिसरी गोष्ट, बाटलीची सवय लागलेली काही बाळं पुढं अंगावर प्यायला कुरकुर करतात.

यामुळेच आपल्या देशात १९९२ चा कायदा आहे. त्यानुसार दुधाची बाटली आणि डब्यातल्या दुधाची जाहिरात करायला, आईला फुकट नमुने वाटायला बंदी आहे. बाटली विकत घेणं गुन्हा नाही. पण ती "बाळासाठी चांगली" असं सांगून खपवायला कायद्यानं मनाई आहे.

वाटी-चमचा : पद्धत नीट समजून घ्या

काही घरांत चांदीचं किंवा स्टीलचं चोचीचं छोटं भांडं असतं. कुणी त्याला बोंडलं म्हणतात, कुणी गोकर्ण. दवाखान्यातल्या सिस्टर त्याला पालाडाई म्हणतात. ते असेल तर उत्तम, नसेल तर छोटी स्टीलची वाटी आणि कडा बोथट असलेला छोटा चमचा पुरतो. दवाखान्यातून सुट्टी होण्याआधी सिस्टरसमोर स्वतःच्या हातानं किमान दोन-तीन वेळा पाजून दाखवा. घरी करताना हा क्रम ठेवा :

१. वाटी-चमचा साबणानं घासा, पाणी खळखळ उकळल्यावर त्यात १० मिनिटं राहू द्या. हात साबणानं धुवा. पदराला पुसू नका.

२. बाळ जागं असतानाच पाजा. जीभ बाहेर काढतं, तोंड इकडंतिकडं फिरवतं, मूठ तोंडाकडं नेतं, ही भुकेची खूण. रडणं ही उशिराची खूण आहे. रडून बाळाची ताकद संपते.

३. बाळाला मांडीवर बसतं-निजतं धरा. डोकं, मान आणि पाठ एका रेषेत. मान मागं पडू देऊ नका, हनुवटी छातीत रुतू देऊ नका. आडवं झोपवून कधीच पाजू नका.

४. चमचा खालच्या ओठावर, कोपऱ्याकडं टेकवा. दूध ओठाला लागलं की बाळ जीभ पुढं करून स्वतः ओढून घेतं. घशात ओतायचं नाही. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

५. गिळलं का पाहा, मगच पुढचा चमचा. मधे मधे थांबा, श्वास शांत होऊ द्या.

६. एका वेळी २० ते ३० मिनिटांच्या वर पाजू नका. त्यापुढं बाळाची दमछाक होते आणि पोटात गेलेलं दूध त्यातच खर्च होतं. पेंगलं तर तळपायाला हलकी गुदगुली करा. तरी उठलं नाही तर थांबा.

७. शेवटी खांद्यावर धरून ढेकर काढा. नंतर अर्धा तास उभं, छातीशी धरून ठेवा.

पाजताना बाळ बोलत नाही, पण खुणा करतं. बोटं ताठ पसरली, कपाळाला आठ्या पडल्या, नाकपुड्या फुगल्या, मान फिरवली, तोंडाच्या कडेनं दूध गळायला लागलं, तर ते म्हणतंय, "थांब, मला श्वास घेऊ दे." तेव्हा लगेच थांबा. ठसका लागला तर बाळाला पुढं झुकवून आधार द्या. पाणी पाजू नका, जोरात हलवू नका.

किती आणि किती वेळा?

हा आकडा डॉक्टर वजनावरून ठरवतात. बाळाच्या कार्डावर तो लिहून घ्या. अंदाज यावा म्हणून एक उदाहरण. पूर्ण दूध घेत असलेल्या बाळाला साधारण एका किलोला दिवसाला १६० मिली लागतं असं धरा. बाळ १,६०० ग्रॅमचं असेल तर दिवसभरात सुमारे २५० मिली. दर दोन तासांनी म्हणजे १२ वेळा पाजलं, तर एका वेळी जेमतेम २१ मिली. म्हणजे ५ मिलीचे चार चमचे! "अख्खी बाटली संपवली नाही" म्हणून घाबरणाऱ्या घरांनी हा हिशेब जरूर पाहावा.

रात्रीही दोन-तीन तासांनी उठवून पाजावं लागतं. कमी दिवसांचं बाळ भूक लागली तरी रडेलच असं नाही.

दूध आईचंच, पण काढायचं कसं?

बाळ ओढत नाही म्हणजे आईला दूध नाही, असं होत नाही. दूध काढत राहिलं की येत राहतं. बाळंतपणानंतर पहिल्या काही तासांतच हातानं दूध काढायला सुरुवात करा. दिवस-रात्र मिळून किमान ८ वेळा काढा, त्यात रात्रीची एक वेळ हवीच. पहिले दोन-तीन दिवस पिवळसर चीक येतो, तोही चमचाभरच. तो फेकू नका. बाळाची रोगाशी लढण्याची ताकद त्यात असते.

पद्धत अशी : अंगठा वर आणि बोटं खाली, निपलच्या काळ्या गोलाच्या कडेवर इंग्रजी 'सी' अक्षरासारखी धरा. आधी छातीकडं आत दाबा, मग अंगठा-बोटं एकमेकांकडं दाबून सोडा. कातडी घासू नका, निपल ओढू नका. जागा बदलत सगळीकडून काढा.

काढलेलं दूध उकळलेल्या झाकणाच्या वाटीत ठेवा. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा काढलं की लगेच पाजा, बाहेर ठेवू नका. फ्रिजमध्ये २४ तास चालतं, पण लाइट बराच वेळ गेली असेल तर ते वापरू नका. गरम करायचं तर वाटी कोमट पाण्यात धरा. थेट गॅसवर ठेवू नका.

वाटी-चमचा सुरू असतानाच बाळाला रोज अंगावर लावा. सुरुवातीला दूध काढून झाल्यावर लावा म्हणजे धार कमी असते, ठसका लागत नाही आणि चोखायची सवय होते. तिथूनच ते पूर्ण अंगावर येतं.

आईचं दूध खरंच अपुरं पडत असेल तर मोठ्या दवाखान्यात मातृदुग्ध पेढीची सोय आहे का, ते विचारा. तिथं दुसऱ्या मातांनी दिलेलं दूध तपासून, निर्जंतुक करून गरजू बाळांना देतात. देशातली अशी पहिली पेढी आपल्याच राज्यात, मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली होती.

कांगारू पद्धत : फुकटातली काचेची पेटी

बाळ थंड पडलं की त्याची ताकद अंग गरम ठेवण्यात जाते, दूध प्यायला उरत नाही. म्हणून बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे घालून आईच्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मधे उभं ठेवा. पाय बेडकासारखे, मान एका बाजूला, नाक मोकळं. वरून मऊ सुती लुगड्यानं बांधा. एका वेळी किमान एक तास आणि दिवसभरात जमेल तितकं जास्त. आई दमली तर बाबांनी, आजीनं घ्यावं. यात लाजण्यासारखं काही नाही.

ही पद्धत १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा इथं पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झाली. पुढं भारतासह पाच देशांत मोठा अभ्यास झाला. जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केलेल्या लहान वजनाच्या बाळांमध्ये पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२१ मध्ये समोर आलं. छातीशी असलेलं बाळ आपोआप स्तन शोधायला लागतं आणि आईला दूधही जास्त येतं.

शेजारच्या गडचिरोलीनं हे करून दाखवलंय

"हे सगळं मोठ्या दवाखान्यात होतं, गावात कसं होणार?" असं वाटेल. याचं उत्तर आपल्या विदर्भातच आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीतल्या ३९ गावांत १९९० च्या दशकात गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. बाळ ऊबदार ठेवणं, आईला पाजायला मदत करणं, वजन करणं आणि जंतुसंसर्ग वेळेत ओळखून इलाज करणं, ही त्यांची कामं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय मासिकात छापून आलं.

त्या गावांतल्या मुदतपूर्व बाळांचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. आधी शंभरातली ३३ दगावत होती, नंतर हे प्रमाण १० वर आलं. दिवस कमी भरलेत एवढ्यानंच बाळ जात नव्हतं. थंडी, उपासमार आणि जंतुसंसर्ग यांची भर पडून ते जात होतं. आणि या तीन गोष्टी घरात थांबवता येतात.

आज आपल्या आशाताई घरी येऊन बाळ पाहतात, ती देशभरातली योजना याच अनुभवावर उभी आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट ठरलेली असते. बाळ पेटीतून घरी आलं की त्याच दिवशी आशाताईंना कळवा आणि त्यांच्यासमोर एकदा दूध पाजा.

बाटलीशिवाय इलाजच नसेल तर

काही वेळा आई आजारी असते किंवा आई नसते, आणि डॉक्टर डब्यातलं दूध लिहून देतात. तेव्हाही पहिली पसंती वाटी-चमच्यालाच. तरी डॉक्टरांनी बाटली चालेल असं सांगितलंच असेल, तर एवढं पाळा :

- सगळ्यात हळू धारेचं निपल घ्या. गरम सुईनं भोक मोठं करू नका. भोक मोठं केलं की ठसका वाढतो.
- बाळाला कुशीवर, डोकं थोडं वर ठेवून धरा. बाटली आडवी धरा, उभी उलटी नको.
- तीन ते पाच वेळा चोखलं की बाटली खाली झुकवा, बाळाला श्वास घेऊ द्या, मग पुन्हा द्या.
- बाटली उशीला टेकवून बाळाला एकटं सोडू नका.
- पावडर आणि पाण्याचं माप डब्यावर असेल तेच. पुरवायला म्हणून पातळ करू नका, पोट भरावं म्हणून घट्ट करू नका, साखर-बिस्किट घालू नका.

गाईचं-म्हशीचं दूध, मध, घुटी, साखरपाणी यातलं काहीही या बाळाला चालत नाही. नाकात-कानात तेल सोडू नका, ते छातीत उतरू शकतं. बाळंतिणीच्या खोलीत धुरी आणि धुराची शेगडी नको, ज्याला श्वास सांभाळताना आधीच त्रास होतोय त्याला धूर सहन होत नाही.

पोट भरतंय हे कसं ओळखाल?

बाटलीतलं दूध मोजण्यापेक्षा बाळाकडं पाहा. चोवीस तासांत सहा ते आठ वेळा लघवी होते का? पाजल्यावर दोन-तीन तास शांत झोपतं का? पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांच्या सुमारास ते जन्माच्या वजनावर परत येतं. पुढं दीड-पावणेदोन किलोच्या बाळाचं दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. आठवड्यातून एकदा उपकेंद्रात, एकाच काट्यावर वजन करा आणि कार्डावर लिहून ठेवा.

डॉक्टरांनी दिलेले लोह आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब चुकवू नका. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत तज्ज्ञांकडून तपासून घ्या. त्यांच्या पडद्याचा आजार वेळेत सापडला तर नजर वाचते.

हे दिसलं तर वाट पाहू नका

- आधी पिणारं बाळ प्यायचं बंद झालं, उठवूनही उठत नाही
- श्वास मधेच थांबतो, ओठ-जीभ निळी पडते
- शांत असताना मिनिटाला ६० च्या वर श्वास, किंवा छाती आत ओढली जाते
- हातपाय-पोट गार पडलं किंवा ताप आला
- पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, शीत रक्त आलं
- झटके आले, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले

यातलं एकही लक्षण दिसलं तर १०८ ला फोन लावा. "सकाळ होऊ दे" म्हणू नका. गाडी येईपर्यंत आणि गाडीतही बाळाला छातीशी, कांगारू पद्धतीनंच धरा. बाळ निळं पडत असेल किंवा सुस्त असेल तर वाटेत जबरदस्तीनं दूध पाजू नका.

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून पुढं नागपूरला डागा स्मृती रुग्णालय, मेयो, मेडिकल किंवा मिहानमधल्या एम्सकडं पाठवतात. सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचा इलाज, औषधं, तपासण्या आणि ये-जा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमातून मोफत आहे. पैशांच्या काळजीनं उशीर करू नका.

आणि घरातल्या मोठ्यांना एक विनंती. हे बाळ चमच्या-चमच्यानं वाढतं, दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री. आई एकटी हे करू शकत नाही. तिनं दूध काढलं तर चमचा बाबांनी धरावा, वाटी आजीनं उकळावी, मधल्या वेळात आईला झोपू द्यावं. ३४-३६ आठवड्यांचा टप्पा ओलांडला की बहुतेक बाळांना मेळ जमायला लागतो. तोवरचे हे थोडे आठवडे घरानं मिळून काढायचे आहेत.